मोठ्या चाकांची खुर्ची

निवृत्तीनंतर मी पुष्कळ हिंडलो. काशी, गिरनार, हंपी, रामेश्वर. परत आलो की आमच्या माजलगावच्या साप्ताहिकात चार-पाच हप्ते लिहायचो आणि लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "अप्पा, आता पुढं कुठं?" एका प्रवासाबद्दल मात्र मी आजवर एक ओळही लिहिली नाही. तो प्रवास फक्त औरंगाबादपर्यंतचा होता, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, पाच दिवसांचा. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, त्यात काय लिहायचं, बायकोला खुर्ची आणायला गेलो होतो. लिहिण्यासारखं होतं म्हणूनच मी टाळत राहिलो. आता ऐंशी उलटली आहेत. त्या खुर्चीपायी एका चांगल्या कारागिराच्या माथी आलेला दोष माझ्याशिवाय कोणी दूर करू शकत नाही, म्हणून बसलो आहे.

आमच्या प्रमिलाचं कमरेचं ऑपरेशन त्याआधी अकरा वर्षं झालं होतं. मणका बसला, दुखणं बसलं नाही. डाव्या पायात वीज शिरावी तशी कळ यायची. घरातल्या घरात ती चालायची, पण वीस-पंचवीस पावलांनंतर थांबून भिंत धरायची. बाहेर जाताना माझा डावा हात धरायची. अकरा वर्षं ती त्या हातावर चालली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "नवरा असावा तर असा." ते मला आवडायचं. किती आवडायचं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

खुर्चीचं माझ्या पुतणीने काढलं. वैशाली तिकडे एका कंपनीत नोकरीला होती. ती फोनवर म्हणाली, "काकू, चिकलठाण्याला एक मिस्त्री आहे. माणूस बघून खुर्ची करतो. या तुम्ही." प्रमिला चार दिवस नाही-नाही म्हणत होती. "चालती-बोलती बाई खुर्चीत बसली तर लोक काय म्हणतील?" पाचव्या दिवशी तिने धपाटे करून डब्यात भरले. मी समजलो.

शिवरात्र होऊन दोन-तीन दिवस झाले होते. लागोपाठच्या दुष्काळाचं वर्ष. पुढच्याच महिन्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेच ते वर्ष. मी धरणाच्या कार्यालयात कारकुनी केलेली, त्यामुळे कोरडं धरण मला घरात मयत झाल्यासारखं वाटायचं. सकाळच्या एसटीत वाहकाने प्रमिलाला दाराजवळची जागा दिली. शहागडच्या पुलावर गाडी हळू झाली. खाली गोदावरी नव्हती, नुसती वाळू. वाळूत बायका झिरे (पाण्यासाठी उकरलेले खड्डे) खणून वाटीवाटीने घागर भरत होत्या. पाचोडच्या पुढे मोसंबीच्या बागा लागल्या. बऱ्याच तोडलेल्या. खोडं बांधाला रचून ठेवली होती.

प्रमिलाच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, "कुठं निघालात बाई?"

"खुर्ची बघायला."

"लेकीच्या लग्नाची?"

"नाही, माझीच. बसून फिरायची."

म्हातारी म्हणाली, "मला बी बघा मग एक. गुडघे लई बोंबलतेत." दोघी हसल्या. मला ते हसणं ऐकून बरं वाटायला हवं होतं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

औरंगाबादच्या मध्यवर्ती स्थानकातून रिक्षा केली. जालना रस्ता मी पूर्वी पाहिला होता तो हा नव्हताच. उड्डाणपूल, काचेच्या इमारती, आणि पुलाखाली टँकरची रांग. चिकलठाण्याच्या अंगाला, जिथे मी ज्वारी पाहिलेली, तिथे पाच-पाच मजली घरं उभी होती. वैशालीचं घर तळमजल्यावर होतं. नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं. दाराशी निळी पिंपं, त्यांना कुलूप.

"कुलूप कशाला गं?" मी विचारलं.

"काका, इथं सोनं उघडं ठेवा, पाणी नको."

संध्याकाळी तिने येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची आमटी) केली होती. प्रमिला दोनदा मागून जेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रीकडे गेलो. त्याचं आडनाव खरात. जुन्या कारखान्यांच्या मागे पत्र्याची शेड, शेडसमोर लिंबाचं झाड, झाडाला टांगलेली सायकलची चाकं. खरात स्वतः चाकाच्या खुर्चीत होता. पन्नाशीचा, दंड पहिलवानासारखे, पाय लहानपणीच पोलिओने गेलेले. तो एवढ्या वेगाने गर्रकन वळून समोर आला की मी एक पाऊल मागे झालो.

"या ताई. अप्पा, तुम्ही बी बसा. खुर्च्यांना काय तोटा नाय इथं."

त्याच्या खुर्चीला मागे ढकलायच्या मुठी नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाला, "कापून टाकल्या. दिसली मूठ की लोक ढकलतात. पुसत बी नाहीत कुठं जायचं म्हणून." तो हसत बोलला, पण मला ते लागलं. का लागलं, ते मी मनात उघडून पाहिलं नाही.

मी कागदपत्रांची पिशवी उघडली. एक्स-रे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. सगळं मीच वर्षावर्षाने लावून ठेवलेलं. त्याने पिशवीकडे पाहिलंही नाही. प्रमिलासमोर येऊन थांबला. दोघांचे डोळे एका उंचीवर.

"ताई, कुठं दुखतं ते नका सांगू. कवा दुखतं ते सांगा."

प्रमिलाच्या आधी मीच म्हणालो, "सकाळी जास्त. उठल्यावर."

"अप्पा, तुमची कंबर का ताईंची?"

प्रमिला हसली, आणि मग बोलायला लागली. सकाळचं दुखणं अंगवळणी पडलं आहे म्हणाली. खरं दुखतं दुपारी तीनच्या सुमाराला. तेव्हा घर झोपलेलं असतं. पडून राहिलं तरी दुखतं, बसलं तर कळ मांडीतून पोटरीत जाते. मग ती उठते आणि ओट्याला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखी उभी राहते, पायावरचा भार कमी व्हावा म्हणून. चार वाजेपर्यंत.

दुपारी तीनला मी झोपलेलो असायचो. चारला उठून चहा मागायचो. अकरा वर्षं.

"हे कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता तिचा. भाव विचारल्यावर भाव सांगावा तसं म्हणाली.

त्या माणसाला भेटून अर्धा तास झाला नव्हता. माझ्या बायकोची एक आख्खी दुपार त्याने माझ्यासमोर काढून घेतली, असं मला वाटलं. एवढा मत्सर मला कोणाचा कधी वाटला नव्हता. कार्यालयात माझ्या हाताखालचा माणूस माझ्या डोक्यावर चढला तेव्हाही नाही.

त्याने आधी काठी दिली, मग चार पायांचा वॉकर, मग चाकाची खुर्ची. प्रत्येक वेळी एकच विचारायचा, "जीव कुठं जातो?" काठीने डावा खांदा उचलला जात होता. वॉकरने उभं राहणं सोपं झालं, पण चालणं तेवढंच राहिलं. प्रमिला चाचरत म्हणाली, "पण मला चालता येतं ना हो भाऊ. खुर्ची म्हणजे..."

"ताई, चालता येतं म्हणून सगळा जीव चालण्यातच घालवायचा व्हय? तुम्हाला बाजारात जायचंय का बाजारापर्यंत चालायचंय?"

मग त्याने आम्हाला दोन प्रकार दाखवले. एकीची मागची चाकं लहान, ताटाएवढी. ती कोणीतरी मागून ढकलायची. दुसरीची चाकं मोठी, सायकलसारखी, बाहेरून पोलादी कडं लावलेलं. बसणाऱ्याने ते कडं हातांनी फिरवायचं. "लहान चाक म्हणजे गाडी ढकलणाऱ्याची. मोठं चाक म्हणजे बसणाऱ्याची. बाकी गादी, पाठ, पाय ठेवायची पट्टी, ते मी बघतो."

प्रमिलाने मोठ्या चाकांच्या खुर्चीला हात लावला. तो तिचे हात न्याहाळत होता. "मशीन चालवता काय ताई?"

"हाताचं. पायाचं सोडलं ऑपरेशनपासून."

"वाटलंच. खांदे मशीनचे हायेत. ही चालती तुम्हाला."

पण त्याने खुर्ची दिली नाही. त्याची रीत वेगळी होती. पहिल्या दिवशी तो कोणालाच खुर्ची विकत नसे. एक जुनी, मोठ्या चाकांची, काळ्या रेक्झिनची खुर्ची त्याने पुढे केली. तिला तो 'पाहुणी' म्हणायचा. "ही उद्या दिवसभर ठेवा. घरात नाय, बाहेर न्या. वेरूळला जा. आणि हा खडू. टोचलं तिथं फुली, बरं वाटलं तिथं गोल. परवा माघारी आणा. खुणा बघून मी तुमची करतो. माणूस लाजंनं खोटं बोलतं, खडू बोलत नाय."

तिसऱ्या दिवशी वेरूळ. काळी-पिवळी जीप, वरच्या कठड्याला दोरीने बांधलेली पाहुणी. दौलताबादचा किल्ला मागे पडला, घाट लागला. एका वळणावर वर खडखडाट झाला आणि चालक आरशात बघून ओरडला, "काका, कुर्सी का पैर गिर गया ना!"

पाय ठेवायची पट्टी निसटून पडली होती. मी उतरून उलटा चालत गेलो. उन्हाने करपलेलं गवत, दगड. क्षणभर वाटलं, सापडू नये. पट्टी नसली तर खुर्ची निकामी, म्हणजे आजचा दिवस माझ्या हातावरच जाईल. पट्टी समोरच पडली होती. उचलावी लागली.

कैलास लेण्याच्या दाराशी दगडी उंबरा आहे. प्रमिला म्हणाली, "मी बाहेरच थांबते. तुम्ही जाऊन या." मी पाचव्यांदा जात होतो, तरी गेलो. हत्ती पाहिले, वरच्या गॅलरीतून खाली पाहिलं, पुढच्या लेखासाठी दोन-तीन वाक्यंही जुळवली. बाहेर आलो तर ती जागेवर नव्हती.

आधी वाटलं, सावलीला सरकली असेल. मग राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, "गेल्या की तिकडं. झोकात गेल्या." उजवीकडे गेलो, परत आलो, डावीकडे गेलो. उन्हात माझा सदरा पाठीला चिकटला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि प्रमिला कुठे आहे हे मला माहीत नाही असं बहुतेक पहिल्यांदाच घडत होतं. मी कुठे आहे हे तिला माहीत नसणं तर नेहमीचंच होतं.

बरंच पुढे, रस्ता वळतो तिथे एका झाडाखाली तीन सफाईच्या बायका भाकरी सोडून बसल्या होत्या आणि त्यांच्यात प्रमिला. हातात चतकोर भाकरी, वर ठेचा. हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला पाहिल्यावर चौघींचं हसू आवरतं झालं.

"कुठं गेली होतीस?"

"फिरायला," ती म्हणाली. "अहो, मी त्या शेवटच्या वळणापर्यंत जाऊन आले. एकटी."

"हरवली असतीस म्हणजे?"

"हरवायला आधी कुठंतरी जावं लागतं."

त्यातली एक बाई म्हणाली, "बाबा, बाई काय लेकरू हाय व्हय हरवायला? बसा, भाकर खा." मी बसलो नाही. परतताना मी खुर्चीच्या मुठी धरल्या तर प्रमिलाने मागे न बघता सांगितलं, "सोडा. चढ आला की सांगते." मी रिकाम्या हातांनी तिच्या मागे चालत होतो. हातांचं काय करावं ते समजेना.

"काय एवढं हसत होता?" मी विचारलं.

"काही नाही. आमचं आमचं."

जीपच्या थांब्यावर तिने पिशवीतून खडू काढला. पाठीच्या खालच्या भागावर एक फुली काढली, बसकणीच्या कडेला दुसरी. मग दोन्ही चाकांशेजारच्या काळ्या पत्र्यांवर एकेक गोल. आणि काय वाटलं कोण जाणे, उजवीकडच्या गोलाभोवती आणखी एक गोल काढला.

त्या श्रमाने चौथ्या दिवशी तिचं अंग धरलं. ती झोपून राहिली, पण चेहरा प्रसन्न होता. "तुम्हीच नेऊन द्या पाहुणी. खुणा पुसू देऊ नका बरं," ती म्हणाली. मी रिक्षात खुर्ची घातली. शेडच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरच रिक्षा सोडली. एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याकडे ग्लास धुवायची बादली होती. मी रुमालाचं टोक तिच्यात बुडवलं आणि दोन्ही पत्र्यांवरचे गोल पुसले. उन्हात पत्रा लगेच वाळला. खडू खुर्चीच्या पिशवीतच होता. गोलांच्या जागी मी फुल्या काढल्या. प्रमिलाची फुली जरा तिरपी असायची, म्हणून मीही तिरपी काढली.

खरातने पाहुणीभोवती एक फेरी मारली. चाकांपाशी बराच वेळ थांबला.

"खांदे दुखले व्हय ताईंचे?"

"रात्रभर," मी म्हणालो. "लहान चाकांचीच करा. मी आहे ना ढकलायला."

"परवा जाताना तर लई खुशीत होत्या." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीचा बंद बांधत होतो. शेवटी तो म्हणाला, "फुली म्हणजे फुली. ज्याची कंबर, त्याचं ऐकायचं."

घरी येऊन प्रमिलाला सांगितलं, "मिस्त्री म्हणाला, ऑपरेशन झालेल्या पाठीला मोठी चाकं चालत नाहीत. पुढं त्रास होईल." ती उठून बसली. "त्या दिवशी तर तसं नव्हता म्हणाला." मी म्हणालो, "नंतर विचार केला म्हणे." ती पुन्हा आडवी झाली आणि म्हणाली, "तो म्हणतो म्हणजे असेल."

खरातने रात्रीतून केलेली खुर्ची पाचव्या दिवशी सकाळी मी एकट्यानेच जाऊन आणली आणि आम्ही माजलगावला परतलो. खुर्ची अप्रतिम होती. पाठीचा कोन, बसकणीची खोली, डाव्या पायाखालची जास्तीची गादी, सगळं तिच्या मापाचं. दुपारी तीनला ती त्या खुर्चीत बसायची आणि तिला ओट्याला लोंबकळावं लागत नसे. फक्त पहिले काही आठवडे, दारात कोणाची चाहूल लागली की तिचे दोन्ही हात आपोआप बाजूला खाली जायचे. तिथे काहीच नसायचं. मग ती हात मांडीवर घ्यायची आणि मला हाक मारायची. मी धावत जायचो. गावात माझं कौतुक वाढलं.

महिन्याने माझ्या मोबाइलवर खरातचा फोन आला. दिलेल्या प्रत्येक खुर्चीची तो अशी चौकशी करायचा.

"कशी हाय खुर्ची अप्पा?"

"उत्तम."

"ताईंना द्या की जरा."

"ती बाहेर गेली आहे," मी घाईने म्हणालो.

पलीकडे शेडमध्ये कानस चालली होती. "तुम्ही तर फोनवर हायेत," तो म्हणाला. "मग ढकलायला कोण गेलं?" "बरं अप्पा. ठेवतो." त्याने पुन्हा कधी फोन केला नाही.

पहिल्या वर्षी प्रमिला बाजारात नेता का, देवळात नेता का, असं विचारायची. मी दर वेळी नेलं, एकदाही कंटाळा केला नाही. हळूहळू तिने विचारणंच सोडलं. मी ओसरीवर न्यायचो, तिथे ती बसायची. मी हंपीला दुसऱ्यांदा जाऊन आलो. तिने फोटो पाहिले आणि चांगले आले आहेत म्हणाली.

सहा वर्षं ती त्या खुर्चीत होती. शेवटच्या पावसाळ्यात एका सकाळी आम्ही ओसरीवर मेथी निवडत होतो. त्या वर्षी धरण भरलं होतं. ती अचानक म्हणाली, "तो मिस्त्री आठवतो का हो? महिन्याने फोन करतो म्हणाला होता. केलाच नाही."

"विसरला असेल."

"माणूस चांगला होता. दुखणं त्यालाच कळलं. फक्त चाकांचं त्याचं चुकलं. मला येत होती हो ती चालवता." तिने काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. "पण माझ्या मनात नाही आता काही. कधी भेटला तर सांगा त्याला, ताईचा राग नाही म्हणून."

अकरा नि सहा, सतरा वर्षांत तिने मला मागितलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक होती. मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. तिने माफ केलं होतं, मनापासून केलं होतं, आणि ती माफी मी दुसऱ्याच्या नावावर जाताना समोर बसून पाहत होतो. वाक्य तीन शब्दांचं होतं. चुकलं ते माझं. ओसरीवर आम्ही दोघंच होतो, कुणी येणार नव्हतं, ती माझ्याकडेच पाहत होती.

मी म्हणालो, "चुकतं एखाद्याचं."

ती "हो ना" म्हणाली आणि दुसरी जुडी सोडायला लागली. दिवाळीच्या आत ती गेली.